लाल प्रकाशाची चटई घेण्यापूर्वी

गुडघे धरलेल्या, कंबर आखडलेल्या, किंवा दिवसभर खुर्चीत बसून पाठ अवघडून गेलेल्या माणसाला कोणी सांगितले की रोज रात्री वीस मिनिटे या चटईवर पडून राहा, तिच्यातला लाल प्रकाश अंगात मुरेल आणि दुखणे हळूहळू निघून जाईल, तर त्या सांगण्यावर त्याचा चटकन विश्वास बसावा यात नवल मानण्याचे कारण नाही. कारण ज्या उपायाला पथ्य नाही, ज्यात कडू औषध नाही की सुई नाही, आणि ज्यासाठी घराचा उंबरठाही ओलांडावा लागत नाही, त्याकडे मनुष्याचे मन स्वभावतःच ओढ घेते. मनाच्या पाठोपाठ पैसाही जातो, आणि या चटईची किंमत पुष्कळ घरांत महिन्याच्या खर्चाची घडी विसकटून टाकण्याइतकी असते. म्हणून ती घ्यावी की घेऊ नये, आणि घ्यावयाची तर कोणती, याचा निर्णय जाहिरातीच्या भरात न होता सावकाश आणि पद्धतशीर व्हावा हे बरे.

या वस्तूविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. हे सारे थोतांड आहे असे एक मत, आणि त्वचेच्या सुरकुत्यांपासून मधुमेहापर्यंत सर्वांवर हा रामबाण उपाय आहे असे दुसरे. दोन्ही मते विचाराचे श्रम वाचवितात एवढाच त्यांचा गुण. वस्तुस्थिती अशी की विशिष्ट लांबीच्या प्रकाशलहरींचा सजीव पेशींवर परिणाम होतो ही गोष्ट प्रयोगांनी दिसून आलेली आहे. परंतु तो परिणाम आपल्यापुढे ठेवलेल्या या अमुक चटईपासून आपल्या या अमुक दुखण्यावर होईल काय, हा प्रश्न सर्वस्वी निराळा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी गुणाकार-भागाकार, थोडी चिकाटी आणि एक वही यांपलीकडे फारसे साहित्य लागत नाही. चटईविषयीचा प्रत्येक दावा आकड्यात, कागदात किंवा स्वतःच्या नोंदीत उतरवून पाहावा, आणि जो या तिहींपैकी कशातही उतरत नाही त्यासाठी एक पैसाही मोजू नये, हा या लेखाचा इत्यर्थ होय.

शास्त्राचा आधार किती

प्रकाशाने रोग बरे करण्याची कल्पना जुनी आहे. डेन्मार्कचे वैद्य नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाने उपचार केल्याबद्दल, आणि लाल प्रकाशाच्या जाहिरातींत त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. तथापि तो उपचार लाल किरणांचा नव्हता. वर्णपटाच्या दुसऱ्या, म्हणजे जांभळ्या व अतिनील टोकाच्या किरणांचा होता. देवीच्या रोग्यांना त्यांनी लाल पडद्यांच्या खोलीत ठेवण्याचा प्रयोग केला हे खरे, पण तेथेही लाल किरणांचा गुण त्यांना अभिप्रेत नसून इतर किरण रोग्यापर्यंत पोहोचू नयेत एवढाच हेतू होता.

आजच्या उपचारपद्धतीचा खरा उगम १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथे एंद्रे मेश्तर यांनी केलेल्या प्रयोगांत सापडतो. केस काढलेल्या उंदरांच्या कातडीवर त्यांनी मंद लेसरकिरण सोडले, आणि त्या जागी केस लवकर उगवतात असे त्यांना आढळून आले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नासा या संस्थेने अंतराळात रोपे वाढविण्यासाठी तयार करवून घेतलेल्या एलईडी दिव्यांचा उपयोग जखमा भरून येण्याच्या अभ्यासासाठी झाला, आणि महाग लेसरच्या जागी स्वस्त दिवे आले. नासाने दिव्यांच्या संशोधनास साहाय्य केले याचा अर्थ तिने कोणा व्यापाऱ्याच्या चटईची शिफारस केली असा होत नाही, हे सांगणे न लगे. पण जाहिरात वाचताना नेमका हाच भेद नजरेआड होतो.

पेशींमध्ये काय घडते याविषयी सर्वांत मान्यता पावलेली उपपत्ती अशी की, पेशीला शक्ती पुरविणाऱ्या ज्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर लाल व निकट-अवरक्त किरण शोषून घेते, आणि त्यामुळे पेशीचे श्वसन काही काळ अधिक कार्यक्षमतेने चालते. उपयोगात येणाऱ्या लहरींचे दोन पट्टे आहेत: एक साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटरचा, जो डोळ्यांना लाल दिसतो, आणि दुसरा साधारण ८१० ते ८५० नॅनोमीटरचा, जो डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. पहिला मुख्यतः त्वचेपुरता राहतो. दुसरा अधिक खोल जातो, परंतु त्याचाही मोठा हिस्सा वाटेत त्वचा आणि चरबी यांतच खर्ची पडतो. याखेरीज या शास्त्रात एक नियम पुनःपुन्हा दिसून येतो: मात्रा फार कमी पडली तर परिणाम होत नाही, आणि फार अधिक झाली तर होणारा परिणामही नाहीसा होतो किंवा उलटतो. म्हणून “जितका प्रकाश अधिक तितका गुण अधिक” हे विक्रेत्याचे गणित येथे लागू पडत नाही.

पुराव्याची व्याप्ती

कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटून निघते, त्यावर प्रतिबंधक म्हणून या किरणांचा उपयोग करावा अशी शिफारस त्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळांनी केलेली आहे. या पद्धतीला मिळालेली ही सर्वांत भक्कम मान्यता म्हणता येईल. मानदुखीसंबंधी २००९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, आणि जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावरही काही आठवडे आराम टिकतो असा त्याचा निष्कर्ष होता. गुडघ्यांच्या झिजेविषयी ‘बीएमजे ओपन’ मध्ये २०१९ साली आलेल्या आढाव्यात योग्य मात्रा दिलेल्या रुग्णांच्या वेदना कमी झाल्याचे नमूद आहे. जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम, योग इत्यादींच्या पंक्तीत मंद लेसरलाही स्थान मिळाले, मात्र त्यामागचा पुरावा कमी दर्जाचा आहे अशी टीपही त्यांनीच जोडली.

हा सगळा पुरावा वाचताना एक गोष्ट क्षणभरही विसरता कामा नये. तो बहुतांशी दवाखान्यात, प्रशिक्षित माणसाच्या हातून, सांध्याच्या ठराविक बिंदूंवर टेकवून दिलेल्या लेसरचा आहे. अंथरुणावर पसरलेल्या आणि सर्व पाठीखाली एकाच वेळी उजळणाऱ्या चटईचा नाही. चटईवर झालेले काटेकोर प्रयोग फार थोडे आहेत. तेव्हा मान, कंबर, गुडघे यांच्या जुनाट दुखण्यात थोडा उतार पडण्याची आशा बाळगणे वाजवी आहे; वजन उतरणे, रक्तातील साखर आटोक्यात येणे, “विषद्रव्ये बाहेर पडणे” यांसाठी ही चटई विकत घेणे वाजवी नाही.

दोन वस्तू, एकच नाव

बाजारात “इन्फ्रारेड मॅट” या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते. पहिली म्हणजे एलईडी दिव्यांची चटई, जिच्या पृष्ठभागावर बारीक दिव्यांच्या ओळी असतात. दुसरीत दिवे नसतातच. आत तापणारी तार किंवा कार्बनची पट्टी असते, वर जेड वा तुरमली यांसारख्या दगडांचे तुकडे बसविलेले असतात, आणि तिच्यातून जे निघते ते दूर-अवरक्त किरण, म्हणजे साध्या भाषेत उष्णता. अशा चटईने शेक मिळतो, शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात आणि बरेही वाटते. परंतु ते बरे वाटणे आजीच्या गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळते, आणि वर सांगितलेल्या प्रयोगांचा या दुसऱ्या वस्तूशी काही संबंध नाही. पत्रकात नॅनोमीटरमध्ये लहरींची लांबी दिली आहे की केवळ अंश सेल्सियसमध्ये तापमान दिले आहे, एवढे पाहिले की आपण कोणत्या वस्तूपुढे उभे आहोत हे कळते.

पेन्सिल घेऊन करावयाचा हिशेब

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पत्रकात एक आकडा हमखास ठळक अक्षरांत असतो: दर चौरस सेंटीमीटरला १०० मिलीवॅट, कोठे १५० देखील. हा आकडा प्रकाशाच्या तीव्रतेचा. त्याची शहानिशा करण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. चटईच्या तारेला जोडलेला जो काळा चौकोनी अडॅप्टर, त्याच्या पाठीवरचे बारीक अक्षरांतले लेबल तेवढे वाचावे. समजा त्यावर “आउटपुट १२ व्होल्ट, १० अँपिअर” असे छापले आहे. या दोहोंचा गुणाकार १२० वॅट; याहून अधिक वीज त्या चटईला मिळूच शकत नाही. एलईडी दिव्यांत विजेचा काही भागच प्रकाशात रूपांतरित होतो आणि बाकीची उष्णता होते. तो भाग सढळपणे शेकडा ४० धरला तर प्रकाश झाला ४८ वॅट, म्हणजे ४८,००० मिलीवॅट. चटई १८० सेंटीमीटर लांब व ८० सेंटीमीटर रुंद असेल तर तिचे क्षेत्रफळ १४,४०० चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला सव्वातीन मिलीवॅटच्या आसपास प्रकाश येतो. कोठे १००, आणि कोठे सव्वातीन!

हाच हिशेब उलट करून पाहिला म्हणजे जाहिरातीतील आकड्याचे स्वरूप अधिकच उघडे पडते. एवढ्या मोठ्या चटईवर सर्वत्र १०० मिलीवॅट तीव्रता खरोखर द्यावयाची तर १,४४० वॅट प्रकाश आणि त्यासाठी सुमारे ३,६०० वॅट वीज लागेल. घरातला पाणी तापविण्याचा गीझर साधारणतः २,००० ते ३,००० वॅटचा असतो; त्याहून अधिक वीज ओढणाऱ्या अंथरुणावर निजण्याचे धाडस कोणीही करू नये. भर दुपारच्या उन्हाची एकूण तीव्रताही १०० मिलीवॅटच्याच घरात असते. मग विक्रेत्याचा आकडा येतो कोठून? मोजण्याचे यंत्र एका दिव्याच्या अगदी माथ्यावर टेकविले की त्या एका ठिपक्यापुरता मोठा आकडा मिळतो. शिवाय सौरऊर्जा मोजण्यासाठी बनविलेली स्वस्त यंत्रे या दिव्यांपुढे धरली असता वाचन बरेच फुगवून दाखवितात. दोन दिव्यांमधल्या अंधाऱ्या जागेचा जमाखर्च त्या आकड्यात धरलेलाच नसतो. दिव्यांची संख्या आणि “प्रत्येक दिवा ५ वॅटचा” हे वर्णनही असेच फसवे, कारण दिव्याची क्षमता एक आणि त्याला प्रत्यक्ष पुरविलेली वीज दुसरी.

तीव्रता कळली म्हणजे मात्रा काढणे सोपे आहे: मिलीवॅटला सेकंदांनी गुणून १,००० ने भागले की दर चौरस सेंटीमीटरला किती ज्यूल मिळाले ते समजते. वरच्या चटईवर वीस मिनिटे, म्हणजे १,२०० सेकंद, पडून राहिल्यास साधारण ४ ज्यूल होतात. ही मात्रा अगदी निरर्थक नव्हे, पण उघड्या त्वचेवर आणि सलग संपर्कात. अंगात सुती सदरा, वर चादर, आणि चटईवर घामासाठी टॉवेल, अशा थाटात पडून राहणाऱ्याच्या पदरी यातला फार थोडा अंश पडतो.

या गणिताचा आणखी एक उपयोग आहे. दुखणे एका गुडघ्याचे असेल, तर ३६ वॅटचा अडॅप्टर असलेला २० बाय ४० सेंटीमीटरचा पट्टा घेतल्यास, त्याच शेकडा ४० च्या हिशेबाने, दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १८ मिलीवॅट मिळतात आणि तेच ४ ज्यूल चार मिनिटांच्या आत पुरे होतात. म्हणजे ज्याला सांध्यापुरती गरज आहे त्याने पुऱ्या अंगाची चटई घेणे हे पैशाच्या व वेळेच्या दोन्ही दृष्टींनी तोट्याचे. विजेच्या बिलाची काळजी मात्र कोणी करू नये: १२० वॅटची चटई वीस मिनिटे लावली तर युनिटचा पंचविसावा हिस्सा जेमतेम खर्च होतो.

कागदपत्रांची छाननी

आकड्यांनंतर कागद. बहुतेक पत्रकांवर “एफडीए” ही अक्षरे झळकतात, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचेही हेच संक्षिप्त नाव ठाऊक असल्यामुळे घोटाळा दुप्पट होतो. जाहिरातीतले एफडीए बहुधा अमेरिकेचे असते, आणि त्या कार्यालयाच्या दफ्तरात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. “रजिस्टर्ड” म्हणजे उत्पादकाने फी भरून आपले नाव-पत्ता नोंदविला, एवढेच. त्यात वस्तूची तपासणी येत नाही. “क्लिअर्ड” म्हणजे आधीच बाजारात असलेल्या एखाद्या उपकरणाशी ही वस्तू समान असल्याचे त्या कार्यालयाने मान्य केले, आणि तेही ठराविक उपयोगापुरते. “अप्रूव्हड” ही पायरी सर्वांत कडक, आणि ती घरगुती चटईच्या बाबतीत पाहावयास मिळण्याची अपेक्षा करू नये. रंगीत किनारीचे, शिक्का मारलेले “एफडीए नोंदणी प्रमाणपत्र” कोणी दाखविले तर त्याला काडीचेही वजन देऊ नये. ते कार्यालय उपकरणांच्या उत्पादकांना असली प्रमाणपत्रे देतच नाही.

आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणांचे धोक्याच्या मानाने अ, ब, क, ड असे चार वर्ग केलेले असून त्यांचे नियमन केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना व राज्यांची परवाना कार्यालये करतात. रोगावर उपचार करण्याचा दावा करणारी चटई आयात केलेली असेल तर आयातदाराचा परवाना क्रमांक आणि देशात बनलेली असेल तर उत्पादकाचा परवाना क्रमांक विक्रेत्याकडे मागावा. “ही फक्त वेलनेसची वस्तू आहे, तिला परवाना लागत नाही” असे उत्तर मिळाले तर ते एका अर्थी मोलाचे आहे, कारण मग त्याच पत्रकातील संधिवात व मधुमेह बरे करण्याचे शब्द त्या विक्रेत्याने स्वतःच्या तोंडानेच मागे घेतले असे होते. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांसंबंधीच्या कायद्याप्रमाणे कर्करोग, मधुमेह, पक्षाघात, लठ्ठपणा इत्यादी विकार बरे करण्याची जाहिरात करणे हा गुन्हाच आहे. आणि जो कायदा सरळसरळ मोडतो त्याच्या हमीपत्रावर तरी कितीसा भरवसा ठेवावा?

याखेरीज वेष्टनावर आयातदाराचे वा उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, आयातीचा अथवा निर्मितीचा महिना, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश हे तपशील असलेच पाहिजेत. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण व नोंदणी क्रमांक आहे काय ते पाहावे. परदेशातील मुलाने वा मुलीने प्रेमाने पाठविलेली चटई असेल तर तिचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला चालतो की केवळ अमेरिकेच्या १२० व्होल्टला, हे प्लग खोचण्यापूर्वी वाचावे. हमीची मुदत, परतीची शर्त आणि दुरुस्तीचे ठिकाण हे तिन्ही पावतीवर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासने पावतीच्या पाठीवर उमटत नाहीत. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत फिर्याद दाखल करता येते.

कोणी दूर राहावे

या किरणांचा स्वतःचा उपद्रव फारसा नाही. चटईच्या उष्णतेचा मात्र आहे, आणि तो सर्वांत अधिक मधुमेही माणसाला आहे. ज्याच्या तळपायाची संवेदना वर्षानुवर्षांच्या साखरेने मंदावली आहे त्याला चटई तापली हे कळतच नाही. सकाळी टाचेवर फोड दिसतो, तो चिघळतो, आणि वीस मिनिटांच्या आरामाची किंमत महिनोन्‌महिने मलमपट्टीत मोजावी लागते. पक्षाघाताने एक बाजू बधिर झालेल्यांना, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या वृद्धांनाही हाच इशारा लागू आहे. चटईचा पृष्ठभाग ४३ अंशांच्या वर जात असेल तर ती दीर्घकाळ अंगाखाली ठेवण्याजोगी नाही असे समजावे. बाम, कापराचे तेल किंवा वेदनाशामक मलम लावून तिच्यावर पडू नये, आणि अंगावर औषधी पट्टी, विशेषतः फेंटॅनिलची, चिकटविलेली असेल तर मुळीच नाही, कारण उष्णतेने औषध शरीरात भलत्याच वेगाने शिरते.

गर्भवती स्त्रिया, कर्करोगाचे निदान झालेले किंवा त्या उपचारातून नुकतेच बाहेर पडलेले रुग्ण, ल्युपससारख्या विकारात प्रकाश न सोसणारे, आणि पॉर्फिरियाचे रुग्ण यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चटई वापरू नये. डॉक्सिसायक्लिन, अमियोडॅरोन अशा औषधांनी, तशीच बावचीसारख्या वनस्पतींनी, त्वचा प्रकाशाला हळवी होते. तो त्रास मुख्यतः अतिनील किरणांनी होतो हे खरे, तथापि डॉक्टरांना एक प्रश्न विचारण्याने काही खर्च होत नाही. चेहऱ्यावर वांग असणाऱ्यांनी पालथे पडून चेहरा दिव्यांवर टेकवू नये, कारण दृश्य प्रकाश व उष्णता यांनी डाग गडद होऊ शकतात. निकट-अवरक्त किरण दिसत नसल्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही, म्हणून चष्मा दिलेला असेल तर तो जरूर वापरावा. काही चटयांत प्रकाशाबरोबर चुंबकीय स्पंदनांचीही जोड दिलेली असते. हृदयात पेसमेकर असलेल्याने त्यांच्या वाटेलाही जाऊ नये.

आणि एक गोष्ट सर्वांसाठी: रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, ताप, कारण नसता घटणारे वजन, पायातली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, किंवा छातीतून हाताकडे जाणारी कळ, यांपैकी काहीही असेल तर चटईचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

वस्तू घरी आल्यावर

चटई उलगडल्यावर पहिल्याच दिवशी, परतीची मुदत शिल्लक असतानाच, तिची परीक्षा करावी. खोलीत अंधार करून ती लावावी. लाल दिव्यांच्या ओळींत एखादा मेला आहे काय ते नुसत्या डोळ्यांनी कळते. अवरक्त दिवे मात्र विझलेले किंवा अगदी मंद लालसर भासतात. त्यांच्यासाठी मोबाइलचा पुढचा कॅमेरा चटईसमोर धरावा: चालू असलेले दिवे पडद्यावर फिकट जांभळट-पांढरे चमकताना दिसतील, आणि जे तेथेही काळेच राहिले ते बहुधा बंद आहेत. पत्रकात दोन्ही प्रकारचे दिवे निम्मे निम्मे असल्याचे लिहिले असेल तर ओळी मोजून त्याचा ताळा घ्यावा. नंतर वीस मिनिटे चटई चालू ठेवून तिच्या मध्यभागी आणि तारेच्या जोडापाशी हाताच्या पाठीने स्पर्श करावा. जोड अंगापेक्षा फार अधिक तापत असेल किंवा जळकट वास येत असेल तर ती तशीच खोक्यात घालून परत करावी.

आत पातळ तांब्याच्या पट्ट्या असल्यामुळे चटईची घडी घालू नये. ती गुंडाळून ठेवावी. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात जोडावर ओल चढते, म्हणून ती कोरड्या कपाटात असावी आणि ओल्या हाताने प्लग काढू नये. वेळ संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय नसलेली चटई घेऊच नये, कारण तिच्यावर डोळा लागणे हे जवळजवळ ठरलेलेच असते.

स्वतःच्या शरीराची नोंदवही

एवढे करूनही शेवटचा प्रश्न उरतोच: मला गुण येतो आहे काय? जुनाट दुखणे आपोआप चढते आणि उतरते. चांगले पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने बरे वाटलेच पाहिजे असा मनाचा आग्रह असतो. आणि वीस मिनिटे निवांत पडून राहणे हाही एक उपचारच आहे. या तिहींतून चटईचा वाटा निराळा काढावयाचा तर स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही. पहिला आठवडा चटई न लावता रोज ठराविक वेळी दुखण्याला शून्य ते दहा यांपैकी एक अंक द्यावा आणि त्याच्या शेजारी एखादे रोजचे काम लिहावे: जिना किती थांबे घेऊन चढलो, मांडी घालून किती वेळ बसता आले, वेदनाशामक गोळी घेतली की नाही. त्यानंतर पाच-सहा आठवडे चटई ठरलेल्या वेळी, ठरलेल्या काळापुरती वापरावी, आणि या मुदतीत व्यायाम, औषधे, गादी यांत काही नवा बदल करू नये. व्यायाम चालू असेल तर तो सोडू तर मुळीच नये, कारण गुडघे व कंबर यांच्या बाबतीत व्यायामामागचा पुरावा या प्रकाशापेक्षा पुष्कळ बळकट आहे. मग दोन आठवडे चटई बंद ठेवून नोंद तशीच चालू ठेवावी.

तिन्ही काळांची सरासरी काढली की निर्णय बहुधा आपोआप होतो. चटईच्या काळात अंक दोन किंवा अधिकने उतरला, जिना सोपा झाला, गोळ्या कमी झाल्या आणि चटई बंद करताच अंक पुन्हा चढला, तर ती वस्तू आपल्यापुरती उपयोगाची आहे असे मानून ती खुशाल वापरीत राहावे. अंक जेथल्या तेथेच राहिला तर परतीची मुदत असल्यास ती परत करावी, आणि म्हणूनच मुदत या प्रयोगापेक्षा लांब असणाऱ्या विक्रेत्याला, किंमत थोडी अधिक असली तरी, पसंती द्यावी. शक्य असल्यास विकत घेण्यापूर्वी एखाद्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडे याच किरणांचा उपचार ठराविक मात्रेत घेऊन पाहावा. तेथे गुण आला नाही तर त्याहून दुबळ्या चटईने तो येईल अशी आशा धरण्याचे प्रयोजन नाही. येणेप्रमाणे अडॅप्टरचे लेबल, परवान्याचा क्रमांक आणि वहीतली सरासरी या तीन गोष्टी जुळल्या तर पैसे मोजावेत. यांतली एकही हाती लागत नसेल, तर तेच पैसे एखाद्या जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाला देऊन व्यायाम नीट शिकून घ्यावेत, त्यात गुडघ्यांचे हित अधिक आहे.